विडी, पोटरीतला गोळा आणि काढा: बाबांसाठी काय करता येईल

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: बाबा ६२ वर्षांचे, मधुमेह आहे, विडी ओढतात. बाजारात निघाले की थोड्याच अंतरावर उजव्या पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातो. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मांडीतल्या धमनीत अडथळा दिसलाय. शेजारच्या काकांनी लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगर-मधाचा काढा, रात्री गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि घट्ट मोजे सांगितलेत. मला स्वतःला पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा हाच आजार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काढ्याने ब्लॉकेज ‘उघडत’ नाही. नळात गाळ साचावा तशी अडथळा करणारी चरबी आतून चिकटलेली नसते, ती धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली असते आणि जुनी झाली की तिच्यात कॅल्शियमही भरतं. पोटात गेलेलं व्हिनेगर तिथे काही विरघळवत नाही. लसणाने रक्तदाब नि कोलेस्टेरॉल किंचित उतरतं, तेव्हा भाजी-आमटीत लसूण खुशाल घाला. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वर लसणाच्या कॅप्सूल नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि त्या काढ्यातला मध मधुमेह्याच्या साखरेत भरच घालणार.

शेक आणि मोजे मात्र आजच थांबवा. मधुमेहात पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, पिशवीने कातडी भाजली तरी कळत नाही, आणि रक्त कमी पोचणाऱ्या पायाची जखम भरता भरत नाही. घट्ट मोजे व्हेरिकोज व्हेन्ससाठी, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या फुगलेल्या शिरांसाठी असतात. इथे दुखणं पायाकडे रक्त आणणाऱ्या धमनीचं आहे, आधीच कमी येणारं रक्त मोजे आणखी दाबतील. रात्री पाय उशीवर उंच ठेवायला कुणी सांगितलं, तर तो सल्लाही शिरांच्या दुखण्याचाच.

आता ज्याने खरंच फरक पडतो ते: चालणं. नुसतं ‘रोज फिरा’ असं नाही. सपाट रस्ता निवडायचा. पोटरी दुखायला लागली तरी लगेच थांबायचं नाही, दुखणं मध्यम होईपर्यंत चालायचं. मग उभं राहायचं किंवा कट्ट्यावर बसायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा निघायचं. असं चालणं-थांबणं धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे. या चालण्याने धमनी मोकळी होत नाही. पण स्नायू आलेल्या थोड्या रक्तातून जास्त प्राणवायू वापरायला शिकतात, धमनीचं अस्तर सुधारतं, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनाही चालना मिळते. मी विजेचे खांब मोजायचो. कुठल्या खांबाशी पोटरी आवळते, ते वहीत लिहायचं. पहिले काही आठवडे वहीत तोच खांब दिसतो आणि माणूस कंटाळून सोडतो. बाबांना नेमकं तिथेच धरून ठेवा. पुढे खांब सरकतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. पायाला जखम किंवा काळपट डाग असेल, किंवा आराम करतानाही पाय दुखत असेल, तर चालणं सुरू न करता आधी व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, गाठा. आणि डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या, कारण पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या नि मेंदूच्या धमन्याही बहुधा चांगल्या नसतात. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी त्यासाठीच देतात. ‘नैसर्गिक’च्या नादात ती बंद करू नका. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहणारी ‘एबीआय’ तपासणी झाली नसेल तर करून घ्या. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा ०.९ किंवा त्याखाली आला तर अडथळा धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की तो खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

विडी सुटली नाही तर हे सगळं अर्धवट राहील, हे मी अगदी कळकळीने सांगतो. विडी सोडून तंबाखू मळायला घेतली, असंही आपल्याकडे फार होतं. निकोटिन तेच, वाहिन्या तशाच आकसतात. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. फोन बाबांनी स्वतः करायचा, तुम्ही शेजारी बसा.

जेवणात ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे हे चालू दे. लोणचं, पापड, वनस्पती तूप आणि बेकरीचे पदार्थ कमी करा. रोज रात्री बाबांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा, आणि कुरूप घरी ब्लेडने कापू देऊ नका.

एक लक्षात ठेवा. पाय अचानक गार, पांढरा पडला, बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर मालीश-शेक करत सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. पाय वाचवायला हातात साधारण ६ तास असतात.