रेडिओच्या तांत्रिक विभागात शिकाऊ म्हणून जाताना

निवड झाली, फार आनंद झाला. विद्यावेतन किती, कोणत्या तारखेला आणि रात्रपाळीनंतर घरी सोडायची सोय आहे का, हे आधी लेखी घे. मागायला लाजू नकोस, कष्ट तुझे आहेत.

कन्सोलवर, म्हणजे आवाज मिसळायच्या यंत्रावर, हात लगेच मिळणार नाही. तोवर कान तयार कर. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही, कारण १९ वर स्टिरिओचा पायलट टोन, म्हणजे प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला सांगणारा खुणेचा सूर, असतो. त्यामुळे १५ च्या वरच्या झळाळीवर वेळ घालवू नकोस. प्रत्येक मिक्स मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, मात्र ऐकच. तबल्याच्या दोन माइकांपैकी एकाची फेज उलटी असली, म्हणजे त्याची ध्वनिलहर दुसऱ्याच्या उलट दिशेने जात असली, की हेडफोनवर सगळं ठीक वाटतं आणि छोट्या मोनो रेडिओवर दोन्ही एकमेकांना खोडतात व डग्गा पार पातळ पडतो.

माझ्या पहिल्या महिन्यात विलंबित आलाप चालू होता. गायिका श्वास घ्यायला थांबल्या, तानपुराही मी फार खाली ठेवलेला. सायलेन्स डिटेक्टरला, म्हणजे शांतता ओळखणाऱ्या यंत्राला, वाटलं प्रसारण बंद पडलं, आणि आलापाच्या मधेच राखीव गाणं सुरू झालं. शास्त्रीय संगीत असेल तेव्हा त्या यंत्राची मर्यादा किती सेकंदांची आहे, ते ड्युटीवरच्या इंजिनिअरना आधी विचार. आणि तानपुरा जरा वर ठेव.