अण्णा नेमके कोणते?

प्रश्न : माझे आजोबा गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायचे घरात ठरले असून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या येळवशीला, म्हणजे रानात साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावास्येला, चार वर्षांच्या मला खांद्यावर बसवून रानात नेणारे अण्णा, आणि ‘माझ्याशी ते कधी दोन शब्द धड बोलले नाहीत’ असे बाबा ज्यांच्याविषयी म्हणतात ते अण्णा, हे एकच वाटत नाहीत. आजी ‘मालकांचं काय सांगू’ एवढेच म्हणते. जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९३६ आहे, तर आजीच्या मते रझाकारांच्या वेळी ते दहा वर्षांचे होते. काय लिहावे?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : तारखेचे आधी उरकू. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहून टाकलेली माणसे त्या पिढीत घरोघरी सापडतात. रझाकारांचा धुमाकूळ सप्टेंबर १९४८ मधल्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईने संपला, म्हणजे आजींचा हिशेब १९३८ च्या आसपास जातो. दोन्ही छापा, मला स्वतःला आजींचा हिशेब अधिक विश्वासाचा वाटतो.

बाबांचे गाऱ्हाणे मात्र गाळू नका. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणे किंवा त्याचे लाड करणे हे पुरुषाला कमीपणाचे वाटत असे, आणि मूल रडले तरी बाप बैठकीतून उठत नसे. नातवंडांच्या वेळेपर्यंत घरात वडीलधारे कोणी उरलेले नसायचे, त्यामुळे मुलाच्या वाट्याला न आलेला खांदा नातीला मिळाला. अण्णांच्या बाबतीत असेच घडले का, हे घरच्यांनाच ठाऊक. पण बाबांचे वाक्य आणि आपली येळवस समोरासमोरच्या पानांवर येऊ द्या. माझ्या वडिलांच्या स्मरणिकेत आम्ही ‘प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण’ असे लिहून ठेवले, ते गल्लीतल्या कोणत्याही मयताला लागू पडले असते.

राहिल्या आजी. ज्यांनी नवऱ्याचे नाव उखाण्यापलीकडे घेतले नाही, त्यांना ‘ते कसे होते’ असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना मोडत होत्या का, दुष्काळी कामावर खडी फोडायला दोघे बरोबर जात होता का, तिथे खायला मिळणारी सुकडी घरी आणली की आधी कोणाला मिळायची, असे विचारा आणि त्या बोलतील तसेच, ‘मालक’ हा शब्द न बदलता उतरवून घ्या.

आणखी एक विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून गाव नुकतेच झोपलेले असताना जमीन हादरली, तेव्हा अंधारात अण्णांनी पहिली हाक कोणाच्या नावाने मारली? बाबा समोर बसलेले असताना विचारा.