पटकीचं विष आणि अडकलेली तोटी

प्रश्न : माझी आजी कॉलऱ्याला पटकी म्हणायची. हा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, असं मी परवा वाचलं. मग माणसाच्या अंगातलं एवढं पाणी जातं कसं? आणि आतडंच बिघडलं असेल तर साखर-मिठाचं पाणी पाजून काय उपयोग? – एक वाचक, बार्शी

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. जंतू भिंतीला चिकटून बाहेरच बसतो. आत जातं ते त्यानं सोडलेलं विष, आणि ते विष म्हणजे एक प्रथिन आहे.

मी एकतीस वर्षं जीवरसायन शिकवलं. या धड्याच्या दिवशी पिशवीत लसूण, आलं आणि समईची वात घेऊन जायची. लसणाच्या पाच सोललेल्या पाकळ्या गोलाकार उभ्या करून टाचण्यांनी जोडायच्या. मध्ये भोक राहतं, त्यातून वात ओवायची आणि वातीच्या वरच्या टोकाला आल्याचा तुकडा बांधायचा. झालं कॉलऱ्याचं विष तयार! पाकळ्या म्हणजे ‘बी’ हा भाग, प्रत्येकीत १०३ अमिनो आम्लं. आलं म्हणजे ‘ए-१’, वात म्हणजे ‘ए-२’. (तास संपला की आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी टाचण्या मोजून काढून घ्यायच्या आणि आलं-लसूण वाटणाला न्यायच्या.)

पाकळ्यांचं काम फक्त धरून ठेवायचं. आतड्याच्या पेशीच्या आवरणावर जीएम-१ नावाचे, साखरेची शेपटी असलेले स्निग्ध रेणू असतात, त्यांना पाचही पाकळ्या पकडतात. पेशी मग सगळा ऐवज आत ओढून घेते. पुढची चाल मला अजूनही थक्क करते. पेशी आपला माल ज्या वाटेनं बाहेर धाडते, त्याच वाटेनं हे विष उलटं चालत थेट प्रथिनं घडवण्याच्या कारखान्यापर्यंत पोचतं. तिथं आलं आणि वात यांच्यातला गंधकाचा बंध तुटतो. सुटलेलं आलं बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतं. पेशी बिघडलेला माल कारखान्याबाहेर फेकते, तसं त्यालाही फेकते, आणि त्याला नेमकं तिथंच जायचं असतं.

रेल्वे स्टेशनवरची दाबायची तोटी आठवा. दाबली की पाणी येतं, हात काढला की आपोआप बंद. पेशीत अशीच एक आपोआप बंद होणारी तोटी आहे, जी-प्रथिन नावाची. ‘ए-१’ तिच्यात एडीपी-रायबोज नावाचा तुकडा खोचतो, आगपेटीची काडी खोचावी तसा. तोटी उघडीच राहते. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढत जातो, क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइडमागे सोडियम जातं आणि दोघांमागे पाणी. जोराच्या आजारात तासाला लिटरभर, पेजेसारखं. शिवाय ‘ए-१’ स्वतः खर्ची पडत नाही, एक काडी खोचून पुढच्या तोटीकडे वळतो.

हे विष आतड्यात काम करतं, हे दाखवलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. त्याआधी लोक जनावरांच्या शिरेत नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचून बघत बसले होते. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला आणि त्या बंद तुकड्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला! मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू ज्या पाण्यात वाढवले, त्यातून जंतू गाळून काढून ते नुसतं पाणी टोचलं, तरीही तेच. दोरा, ससा आणि डोकं, एवढ्याच भांडवलावर. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेलविजेत्यानं त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, ते मिळालं नाही. मला त्याचा राग आहे, आणि तो मी वर्गात लपवत नसे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘आतडंच बिघडलं’ असं जुने डॉक्टरही समजत. पण रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा अस्तर शाबूत निघालं. विष काही फाडत नाही, फक्त तोटी अडकवतं. साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं दार वेगळं आहे, त्याला विष शिवतही नाही. त्या दारानं ग्लुकोज आणि सोडियम आत गेलं की मागोमाग पाणीही जातं. म्हणजे गळती चालूच असते, तुम्ही दुसऱ्या दारानं भरत राहता. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

काडी काढता येत नाही, पण आतड्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात. तेवढे दिवस निभवायचे. आमच्या घरी जुलाब झाले की पाणी तोडायचे. ते कधीच करू नका. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लाडानं साखर वाढवू नका, जास्तीची साखर आतड्यात उलटं पाणी ओढते. आणि उलट्या थांबत नसतील किंवा माणूस सुस्तावला असेल तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा.