आधी कॉपी, मग दुरुस्ती
संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं बिघडत चाललेल्या हार्डडिस्कबद्दल आहेत. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क आहे. मुलीच्या लग्नाचं शूटिंग, नातवंडांचे फोटो, सगळं त्यातच. हल्ली फोल्डर उघडायलाच पाच-पाच मिनिटं लागतात आणि कॉपी करताना एखाद्या फोटोवर येऊन सगळं अडकतं. डिस्क जोडली की विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' करा असं सुचवतं. करू का?
– निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : अजिबात नको. ते बटण फाइलींच्या नोंदवहीतल्या चुका दुरुस्त करतं आणि तसं करताना डिस्कवर लिहितं. डिस्क धडधाकट आहे हे त्यात गृहीत धरलेलं असतं. जी डिस्क नीट वाचलीच जात नाही तिच्यावर ते चालवलं, तर जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकल्या जातात आणि फोटोंचे तुकडे नावंगावं हरवून 'फाउंड' नावाच्या फोल्डरात जाऊन पडतात. विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीच्या आज्ञेचंही तेच.

आधी केबल बदलून बघा. एक्स्टर्नल डिस्कच्या केबलचं ते रुंद, चपटं टोक वापरून वापरून सैल होतं. दुसरी केबल लावा, हब काढा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या नव्हे, मागच्या पोर्टला थेट जोडा. एवढ्याने वेग परत आला तर सुटलात.

नाही आला, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडा. डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद त्यात दिसते. तीन ओळी बघायच्या : ०५, सी५ आणि सी६. यांचे आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते १६ असतं. मेन्यूतून दशमान करून घ्या. ०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. तुमचे अडकणारे फोटो बहुधा यांच्यावरच आहेत. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर. आज सी५ आठ आणि उद्या चाळीस दिसलं, तर हाताशी वेळ थोडा आहे. याच यादीतला सी७ डिस्कच्या आतल्या बाजूच्या साटा जोडणीचा असतो. यूएसबी केबलचा दोष त्यात दिसत नाही, म्हणून केबल बदलूनच बघावी लागते.

अडकण्याचं कारण असं : सेक्टर वाचता आला नाही की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते, ती हरली की विंडोज तिला परत वाचायला लावतं, आणि प्रत्येक खेपेला हेड, म्हणजे डिस्कच्या आतलं वाचणारं टोक, त्याच दुखऱ्या जागेवरून फिरतं. एक्सप्लोररमध्ये फोटोंची छोटी चित्रं दिसत असतील तर त्यांच्यासाठीसुद्धा एकेक फाइल वाचली जाते. व्ह्यू 'लिस्ट'वर ठेवा.

सी५ मोजकेच असतील तर ज्यांच्याशिवाय चालणार नाही ते फोल्डर आधी काढा, सिनेमे-गाणी शेवटी. ओढून टाकण्याऐवजी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा वापरा आणि तिला 'आर शून्य, डब्ल्यू शून्य' हे पर्याय आठवणीने द्या. एरवी ती न वाचलेल्या एकाच फाइलवर दर वेळी ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करायला बसते.

आकडे मोठे असतील, तर फाइलींच्या मागे न लागता अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच मोठ्या फाइलीत हुबेहूब नक्कल, काढायची. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घाला, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा आणि जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज बसवा. आज्ञा मात्र नुसती डीडीरेस्क्यू अशी आहे. प्रतिमेसाठी नवी डिस्क २ टीबीची घ्या. ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. जुनी डिस्क जोडल्यावर आपोआप उघडली तर अनमाउंट करा. कोणती डिस्क कुठल्या नावाने आली आहे हे एलएसबीएलके या आज्ञेने बघा आणि आकारावरून दोनदा पडताळा. इथे जुनी-नवी उलटसुलट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, मग इलाज नाही.

पहिली फेरी 'वजा एन' या पर्यायाने करा. त्यात सहज वाचता येणारा भाग आधी निघतो आणि खराब पट्टे बाजूला ठेवले जातात. दुसऱ्या फेरीत 'वजा डी' आणि 'वजा आर ३' देऊन त्या पट्ट्यांवर तीनदा प्रयत्न होतो. दोन्ही फेऱ्यांना मॅपफाइल (कुठला भाग निघाला, कुठला राहिला याची नोंद) एकच द्या, आणि ती वेगळ्या पेनड्राइव्हवर असू द्या. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल कॉम्प्युटर बंद होताच नाहीशी होते. मॅपफाइल शाबूत असेल तर काम कुठेही थांबवून तिथूनच पुढे चालू करता येतं. धडधाकट १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने साधारण तीन तासांत निघते, जुन्या यूएसबी २ पोर्टवर आठेक तास लागतात. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. डिस्कवर टेबलफॅन सोडा, तापमान ५० अंशांच्या वर गेलं की थांबवा, लॅपटॉप झोपी जाण्याची सेटिंग बंद ठेवा. प्रतिमा हातात आली की जुनी डिस्क कपाटात. चेकडिस्क किंवा हरवलेल्या फाइली शोधणारे टेस्टडिस्क, फोटोरेक, जे काय चालवायचं ते प्रतिमेच्या दुसऱ्या कॉपीवर.

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या कॉम्प्युटरची ५०० जीबी हार्डडिस्क सुरू करताच 'टक्... टक्... टक्' करते आणि गप्प होते. बायोसमध्येही दिसत नाही. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका, सगळ्या पेजमेकर फाइली त्यात आहेत. शेजारचा मुलगा सांगतो, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.
– डीटीपी व्यावसायिक, गिरगाव

उत्तर : फ्रीजरमध्ये मटार ठेवा. मुंबईच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिला पाणी सुटतं, आतसुद्धा. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड काही नॅनोमीटरवरून तरंगत असतं. तिथे धुळीचा कणही जड, मग दवाचं काय! त्याच कारणाने घरी झाकण उघडायचं नाही.

ही टकटक म्हणजे हेडला तबकडीवरच्या मार्गखुणा वाचता येत नाहीत, म्हणून ते मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतं. हेड तुटलं असेल तर प्रत्येक वेळी ते तबकडीवर ओरखडा काढतं, आणि खरवडलेल्या लेपातला डेटा कोणालाच परत आणता येत नाही. 'एकदा लावून बघू' हे इथेच बंद करा. काम क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या लॅबचं आहे : त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, म्हणजे दात्या, डिस्कची हेडं काढून तुमच्या डिस्कला बसवतात, तेवढ्यापुरती ती वाचून घेतात.

लॅमिंग्टन रोडला 'डेटा रिकव्हरी'च्या पाट्या पुष्कळ दिसतील. त्यातल्या काही दुकानांत डिस्क फक्त घेतात आणि पुढे पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण विचारून घ्या : डिस्क उघडणार कोण आणि कुठे? डेटा निघाला नाही तर दात्या डिस्कचे पैसे कोणाच्या माथी? पैसे देण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का? पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. काउंटरवरच कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअर फिरवायला निघाले तर डिस्क उचला आणि चालू लागा.

तुमच्या धंद्यातली एक गोष्ट लॅबवाल्याला आपणहून सांगावी लागेल. नुसत्या पेजमेकर फाइली आणून भागत नाही. विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्सचं फोल्डर आणि जोडलेली टिफ, ईपीएस चित्रंही मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा काला दिसतो. डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची किल्ली) असेल तर तेही जपून ठेवा.

प्रश्न : सोसायटीच्या ३.५ इंची एक्स्टर्नल डिस्कला घाईत लॅपटॉपचा अॅडॅप्टर लावला गेला. आता दिवाही लागत नाही. टॅलीचा सगळा डेटा आत आहे, आणि ऑडिट तोंडावर.
– खजिनदार, गृहनिर्माण संस्था, लालबाग

उत्तर : त्यातल्या त्यात बरी बातमी. या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, लॅपटॉपचा अॅडॅप्टर बहुधा १९ चा. पुष्कळदा बाहेरच्या पेटीतलं छोटं सर्किटच जळतं आणि आतल्या डिस्कला काही होत नाही. पेटी उघडून डिस्क बाहेर काढा, डेस्कटॉपला साटा केबलने जोडा. विंडोजने 'फॉरमॅट करा' असं म्हटलं तर 'नाही' म्हणा. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुकसारख्या बऱ्याच पेट्यांमध्ये पासवर्ड न ठेवताही डेटा त्या छोट्या सर्किटमार्फत कुलूपबंद होऊन लिहिला जातो. सर्किटशिवाय डिस्क कोरी वाटते. तसं असेल तर तशाच पेटीचं सर्किट लागेल.

डिस्क जोडताच डेस्कटॉपच सुरू होईनासा झाला, तर डिस्कवरचा टीव्हीएस डायोड बहुधा शॉर्ट झाला आहे. जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन मरणं हेच त्याचं काम. मोबाइल रिपेअरिंगवाला मल्टिमीटरने तपासून तो काढून देऊ शकतो. त्यानंतर डिस्कला ते संरक्षण उरत नाही, म्हणून चांगल्या सप्लायवर एकदाच लावायची, डेटा काढायचा, संपलं. 'दुसऱ्या डिस्कची प्लेट (म्हणजे डिस्कला बाहेरून बसवलेलं सर्किट) लावून देतो' असं कोणी म्हणालं तर विचारा, आठ पायांची रॉम चिप बदलणार का? प्रत्येक डिस्कची खास मापं त्यात असतात. ती हलवल्याशिवाय नवी प्लेट सहसा चालत नाही.

टॅलीचं 'डेटा' फोल्डर उघडलं की १०००० सारख्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतील, एकेक कंपनीचं एकेक. ती अख्खी उचला, आतल्या सुट्या फाइली निवडत बसू नका.

प्रश्न : तळमजल्यावरच्या ऑफिसात पावसाचं पाणी शिरलं. कॅबिनेट दोन दिवस सुकवलं आहे. चालू करू का?
– वाचक, कुर्ला

उत्तर : आधी कॅबिनेटच्या आत चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघा. हार्डडिस्क त्या रेघेच्या वर कोरडी राहिली असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचा. बुडाली असेल तर वीज द्यायची नाही. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. आत वाळलं की गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. म्हणून हेअर ड्रायर नको, तांदळात पुरणंही नको. ओलसर आहे तशी झिपच्या पिशवीत बंद करून त्याच दिवशी लॅबला. तुमचे दोन दिवस गेलेच आहेत, तेव्हा आता जशी आहे तशीच द्या आणि सुकवल्याचं सांगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तळमजल्यावर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, याला दुसरं कारण लागत नाही.

प्रश्न : लॅपटॉपच्या एसएसडीतून चुकून फोल्डर डिलीट झालं. हार्डडिस्कसारखं परत मिळेल?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : रिसायकल बिनही रिकामी केली असेल तर आशा फार धरू नका. एसएसडीत तबकडीऐवजी चिप असतात. तिला ट्रिम नावाची सूचना जाते आणि रिकामी ठरलेली जागा ती स्वतःच पुसून टाकते. लॅपटॉप लगेच बंद करा, तेवढीच काय ती शक्यता. एसएसडी काढून दुसरीकडे लावणार असाल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी किल्ली आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. आणि एसएसडी बॅकअप म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, वीज न मिळता तिच्यातला डेटा हळूहळू विरतो.

प्रश्न : डेटा काढून झाला. मेलेली डिस्क भंगारवाल्याला दिली तर चालेल?
– वाचक, दादर

उत्तर : डिस्क चालत असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक' वरची खूण काढून. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फाइली तशाच राहतात. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. चालतच नसेल तर तबकड्या फोडा, पण लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात. जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावूनच हातोडा मारा, आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या.