सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा. तिच्या बोगद्यात आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतात? जागोजागी जिने का नाहीत?

चालत. आणि लिफ्टने. हो, लिफ्टनेच.

२०१३-१४ च्या मोठ्या शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्र बंद असताना, मी एका कंत्राटदाराकडून तिथे केबलच्या कामावर होतो. कणांचे झोत फिरवणाऱ्या एलएचसी यंत्राचा हा बोगदा साधारण २७ किलोमीटरचा गोल, जमिनीखाली ५० ते १७५ मीटर. वर यायच्या जागा आठ. दर पाचशे मीटरवर शाफ्ट, म्हणजे वर येणारी उभी विहीर, खणायचा म्हटलं तर वर लोकांची गावं आणि शेतं आहेत, आणि खर्च कोण देणार? त्यामुळे दोन जागांच्या मधोमध असाल तर दीड किलोमीटरहून जास्त चालायचं. मोकळ्या हवेत ती वीस मिनिटं. धुरात, ३.८ मीटर व्यासाच्या नळीत, एका बाजूला चुंबकांची रांग असताना किती, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या सुपरवायझरचं म्हणणं होतं, ‘इथे जळायला आहेच काय? सगळं लोखंड.’ अहो, आपण रोज ओढतो त्या केबल काय लोखंडाच्या आहेत? सर्न हॅलोजन (क्लोरीनसारखी द्रव्यं) नसलेल्याच केबलचा हट्ट धरतं ते उगाच नाही. पीव्हीसी जळलं की धुरातून आम्ल निघतं, फुफ्फुसं जातात आणि इलेक्ट्रॉनिक्सही. शिवाय कणांचा झोत चालू असताना खाली कुणी नसतंच. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक चावी घ्यावी लागते आणि ती परत जागेवर आल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. म्हणजे आगीचा धोका शास्त्रज्ञांना कमी आणि शटडाऊनमध्ये वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांना जास्त.

एकदा आगीच्या सरावाचं ड्रिल झालं. भोंगा वाजला आणि आमचे सुपरवायझर साहेब निघाले उलट दिशेला, का तर सकाळी तिथून उतरलो होतो आणि गाडी तिथे उभी होती. वर यायची दुसरी जागा जवळ होती. मी म्हटलं, गाडी जळणार नाहीये, आपण जळू. भर बोगद्यात वाद. ते म्हणाले, ‘ओळखीचा रस्ता बरा.’ निम्मी माणसं त्यांच्या मागे गेली. आग लागल्यावर माणूस जवळचं दार शोधत नाही, आलेल्या वाटेने परत जातो. डिझाइन करणाऱ्यांनी हे गृहीतच धरायला हवं.

लिफ्टचं म्हणाल तर तिथे लिफ्ट आणि जिना काँक्रीटच्या बंद खोक्यात असतात आणि आत हवेचा दाब जास्त ठेवतात, म्हणजे धूर शिरत नाही. एकदा तिथे पोचलात की सुटलात. हे तर्कशास्त्र तुमच्या सोसायटीच्या लिफ्टला लावू नका.

कमरेला ऑक्सिजनचा मास्क असतो, पण तो मुख्यतः हेलियमसाठी. चुंबक थंड ठेवणारं हे हेलियम निसटलं तर श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. १९ सप्टेंबर २००८ ला चुंबकांमधली एक विजेची जोडणी निकामी झाली आणि सुमारे सहा टन हेलियम निसटलं. आत कुणी नव्हतं म्हणून वाचले. हेलियम वर चढतं, तेव्हा वाकून चालायचं.

सर्नच्या प्रस्तावित नव्या ९१ किलोमीटरच्या बोगद्याच्या आराखड्यात चारेकशे मीटरवर आगीचे दरवाजे आणि धूर ओढायला छतात वेगळी वाट आहे. जिने तिथेही जागोजागी नाहीतच.

तुम्ही स्वतः कामाला जाणार असाल तर मी काय सांगतो ते सोडा, तिथल्या प्रशिक्षणात सांगतील तेच करा. फक्त गाडी कुठे लावलीय ते विसरा.