आवडलं खरं, पण नेमकं काय?

गेल्या अंकात आम्ही आमच्या आवडत्या भारतीय इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, स्वतंत्र) अल्बमांची क्रमवारी दिली होती आणि इंडियन ओशन या बँडच्या ‘कंदिसा’ला पहिल्या जागेवर बसवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : ‘कंदिसा’ पहिला हे अजिबात पटलं नाही. ‘डेझर्ट रेन’मधला जिवंतपणा त्यात कुठाय? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत. तुम्ही कशाच्या जोरावर ठरवलंत?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : जिवंतपणाचा मुद्दा मान्य. ‘डेझर्ट रेन’ हे इंडियन ओशनचंच १९९७ सालचं लाइव्ह रेकॉर्डिंग. त्यात वादनाचा वाटा मोठा, आणि सुस्मित सेन यांची गिटार मनसोक्त ऐकायची तर तोच अल्बम लावावा. ‘कंदिसा’ आला २००० मध्ये, तोही स्टुडिओत घडवलेला. सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना, नर्मदेकाठचं ‘मा रेवा’, चळवळीतलं ‘हिल्ले ले’ असा सगळ्या मुलखांचा माल एकाच अल्बममध्ये असूनही तो गोळा केलेला वाटत नाही. आम्ही त्याला वर ठेवलं ते यासाठी.

हे जमतं कसं, ते खालच्या पट्टीत ऐका. तबल्याचा डग्गा, ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि बेस गिटार, तिघांचं काम खालच्याच स्वरांत. तिघं एकदम वाजले की नुसता गढूळ गोंगाट होतो, बऱ्याच फ्यूजन बँडांचं घोडं इथंच पेंड खातं. इथे असीम चक्रवर्ती डग्गा घुमवतात तेव्हा अमित किलम झांजांकडे सरकतात, आणि राहुल राम यांचा बेस दोघांच्या फटीतून चालतो. उणं काढायचंच तर ‘खजुराहो’ आमच्या मते गरजेपेक्षा रेंगाळतं.

तुमच्या दोन्ही तटांना एक विचारायचं आहे : तुम्ही ऐकता कशावर? बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, आणि असे बरेच स्पीकर डावं-उजवं एकत्र करून मोनो वाजवतात. म्हणजे ज्यावर भांडण चाललंय तो अर्धा अल्बम कुणी ऐकलेलाच नसतो. वायरचा साधा हेडफोन चालेल. अॅपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळण्याची सोय) शून्यावर. पहिल्यांदा अल्बम सलग ऐका, मध्ये फोन बघू नका. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसा आणि जिथे कान टवकारले तिथली मिनिटं-सेकंदं टिपा. ‘लई भारी’ म्हणणाऱ्याला ‘कितव्या मिनिटाला?’ एवढंच विचारायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात, आणि उरलेली करण्यात मजा येते.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकणाऱ्या. आजोबा देवल क्लबच्या मैफलींचे जुने श्रोते. मी काहीही इंडी लावलं की ‘यात राग कुठला?’ म्हणून विचारतात. त्यांना काय ऐकवू?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : चरणजित सिंग यांचा १९८२ सालचा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हा काटेकोर अर्थाने इंडी नव्हे, एचएमव्हीने काढलेला. पण तेव्हा फारसा खपला नाही, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर त्याला जगभरच्या इंडी रसिकांनीच डोक्यावर घेतलं. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, सगळे रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर : टीबी-३०३ बेस, टीआर-८०८ ड्रम आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर.

आजोबा पहिल्या मिनिटातच विचारतील, विलंबित (संथ लयीतला भाग) कुठाय? नाही. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने धावतो, त्यांच्या घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब यांच्या गायकीतलं लयीशी चाललेलं लपंडावाचं काम इथे शोधूच नका. त्यांना खालचा बेस ऐकायला सांगा. ३०३ मध्ये एक स्वर पुढच्या स्वरात घसरवत नेण्याची सोय आहे, आणि यंत्रावर मींडेच्या जवळ जाणारं काही असेल तर ते तेवढंच. सुरुवात मालकंसाने करा, यमन आधी लावलात तर तुलना अंगावर येईल.

त्यांना हे रुचलं तर पुढे अवियल या मल्याळी बँडचा त्याच नावाचा २००८ चा अल्बम लावा. त्यातल्या ‘आडु पांबे’चे शब्द श्रीनारायण गुरूंचे आहेत. भाषा कळली नाही तरी छंद कानाला कळतो. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) आमचा लाडका, पण आजोबांसाठी नको. त्यातलं ‘मेमरी बॉक्स’ आठ मिनिटांच्या वर डिस्कोत रमतं.

प्रश्न : ‘कंदिसा’ची जुनी कॅसेट माळ्यावर सापडली. आत पांढरं काहीतरी दिसतंय. वाजवू का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अजिबात नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला बुरशी धरते. तशीच वाजवली तर बुरशी डेकच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून तुमच्या बाकीच्या कॅसेटींवर जाते. शिवाय चिकटलेले वेढे ओढले जाऊन टेप तुटते.

तोंडाला मास्क लावा, काम गॅलरीत करा. कॅसेटला स्क्रू असतील तर (बहुधा पाच) ते काढून दोन्ही रिळं जशीच्या तशी नव्या कवचात बसवा. चिकटवलेलं कवच असेल तर ते कडेने सुरीने उकलावं लागतं, घाई केलीत की टेपला काप जातो. रिळांच्या कडा कोरड्या मऊ कापडाने पुसा, पाणी नको. टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो गळला असेल तर आवाज खाली-वर होतो आणि झांजा गायब होतात. नव्या कवचात तो शाबूत आहे ना, बघून घ्या.

मग पेन्सिलीने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आफ्टरशेव्हने नव्हे. डेकचा लाइन-आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या छोट्या पेटीला) जोडा. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुतेक वेळा मोनो असतं, ते टाळा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज मुका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू टेप चालू असताना केसभर फिरवा, झांजा सर्वांत लख्ख ऐकू आल्या की थांबा. खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण (मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे!) कॅसेटवर खूण असेल तरच चालू करा.

प्रश्न : मराठीत इंडी आहे की नाही? आणि आम्ही ऐकलं तर बँडला पैसे मिळतात का?
– कॉलेजचा एक गट, कोल्हापूर

उत्तर : आहे, पण अल्बम कमी आणि सुटी गाणी जास्त. अभंग रिपोस्ट हा बँड अभंग बेस गिटार आणि ड्रमसेटसोबत गातो. स्वदेशी या मुंबईच्या हिपहॉप गटात मराठी रॅप आहे, त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ आरेच्या जंगलाबद्दलचं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन या डच लेबलवर आलं. नाचायला फक्कड, पण त्यावरून मराठी इंडीचं भविष्य ठरवू नका.

पैशांचं म्हणाल तर, स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजलं नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. बँडकडून थेट संगीत विकत घेता येणारी साइट बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापतो, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा, बाकी बँडला. अडचण एकच : बँडकॅम्पवरून बँडला पैसे पेपल या ऑनलाइन सेवेतून जातात, आणि पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, त्यामुळे भारतीय बँडचा अल्बम इथून घेताना पैसे अडकू शकतात. तसं झालं तर बँडच्या स्वतःच्या साइटवरून किंवा कार्यक्रमाच्या ठिकाणी टेबलावरून टी-शर्ट, सीडी घ्या.