घराच्या विम्याचं नूतनीकरण नव्या पॉलिसीपेक्षा महाग येतंय, कंपनी बदलावी का?

बदलायला हरकत नाही, पण दोन्ही कोटेशन सारख्याच संरक्षणाची आहेत याची खात्री करून मगच. फरक पडण्याचं एक कारण म्हणजे नव्या ग्राहकाला ओढायला दिलेली सवलत; जुना ग्राहक न बघता पैसे भरतो, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये हे इतकं बोकाळलं की तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने (वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाला त्याच पॉलिसीसाठी नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी घातली. दुसरं कारण साधं आहे. बऱ्याच पॉलिसींमध्ये विमा रक्कम बांधकाम खर्चानुसार दरवर्षी आपोआप वाढते. नव्या कोटेशनमध्ये तुम्ही जुनाच आकडा टाकलात तर ते स्वस्त दिसणारच. त्यामुळे हप्त्याआधी हे जुळवून पाहा:

- विमा रक्कम: घर पुन्हा बांधण्याचा खर्च धरा, बाजारभाव नव्हे (जमीन काही जळत नाही)
- दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम. स्वस्त कोटेशनची गोम बहुतेकदा इथेच असते
- पूर, भूकंप, चोरी, घरातलं सामान

मग तेच कोटेशन घेऊन सध्याच्या कंपनीला फोन करा, कधीकधी तेवढ्यानेच दर उतरतो. मात्र अलीकडे दावा घेतला असेल तर हे गणित बदलतं: नव्या अर्जात त्याबद्दल विचारलं तर खरं सांगावं लागतं आणि हप्ता वाढू शकतो. लपवलंत तर पुढचा दावा फेटाळला जाण्याची भीती.